पाणी गेलं, पोरींनो या

१ जानेवारी, गुरुवार

ही डायरी विम्याच्या माणसाने माझ्या मुलाला, हर्षदला दिली, हर्षदने अक्षताला आणि अक्षताने मला. घरात जे कुणाला नको ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. पण कागद इतका गुळगुळीत आहे की टाकवेना. तिसरी शिकलेली बाई लिहिणार तरी काय, म्हणून आधी वाणसामानाची यादी लिहिली. मग वाटलं, आज घरात एवढं रामायण झालं, तेच लिहू.

संध्याकाळी भाऊराव आले. आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. चहा घेतला, खोबऱ्याच्या तीन वड्या खाल्ल्या, आणि तोंड पुसून म्हणाले, "अक्षता, वाईट वाटून घेऊ नकोस. मुलींच्या कबड्डीची वेळ आता मुलांना द्यावी लागणार."

अक्षता माझी नात. वय एकवीस. तीन वर्षं झाली, कॉलेज करून मंडळाच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवते. येतात नऊ पोरी. नऊ पोरींसाठी रोजचा तास अडवून ठेवता येत नाही म्हणे. यंदा जिल्हा संघटनेने खेळाडूंची नोंदणी कॉम्प्युटरवर घेतली आहे, एकतीस तारखेला ती बंद होणार. तोवर आमच्या मंडळातून तीस महिला खेळाडूंची नावं चढली तर मुलींचा तास राहील. नाहीतर मुलींचा संघच बंद.

"तीस कुठून आणू भाऊकाका? मेसेज टाकून टाकून बोटं झिजली माझी."

"अगं, मग पोरींनाच आवड नाही, त्याला मी काय करू?"

चेतना, माझी सून, खाली बसून मेथी निवडत होती. एकदम म्हणाली, "मुलींची वेळ एकदा गेली ना, की परत मिळत नाही." आणि देठासकट मेथी टोपात. रात्री सगळ्यांच्या दातात देठ. तिला यातलं काय कळतंय, पण मध्ये बोलायची हौस.

अक्षता जेवली नाही. वड्या उरल्या असत्या तर दिली असती एक.

४ जानेवारी, रविवार

आज मी मुलुंडला शिबिराला जाऊन आले! संघटनेचं होतं, मंडळांनी मोबाइलवर काम कसं करायचं त्याचं. प्रत्येक मंडळाने दोन माणसं पाठवायची, त्यातली एक बाई हवीच. अक्षताची परीक्षा. मग भाऊराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला. नुसतं बसायचं, सही करायची. जेवण आहे." जेवण चांगलं होतं, फक्त वरणात साखर. मुलुंडवाल्यांना साखरेशिवाय घास उतरत नाही की काय कोण जाणे.

शिकवायला मिहिर सर. सर कसले, आमच्या अक्षताहून चार वर्षांनी मोठे. पांढरा शर्ट, बोलणं गोड. ते म्हणाले, "तुमच्या मैदानावर कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे. कोण येत नाही आणि का, हे कोण सांगेल?" सगळ्यांच्या माना खाली. भाऊराव तर झोपलेच होते.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, ते विचारल्याशिवाय कसं कळणार?"

"आजी, हाच आजचा धडा," सर म्हणाले, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. भाऊराव टाळ्यांनी जागे झाले आणि तेही वाजवू लागले.

मी फॉर्म बनवायला शिकले. आवाजाचा मेसेज शिकले. तो काळ्या मुंग्यांसारखा चौकोन असतो त्याचा फोटो काढला की फॉर्म उघडतो, तेही शिकले. घरचा अभ्यास दिलाय: दहा घरी जाऊन विचारायचं, मुलगी खेळायला का येत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

अभ्यास केला. मागच्या चाळीत दहा घरं फिरले. चेतना म्हणाली, "आई, मीही येते, तुम्हाला जिने झेपणार नाहीत." तिथे जिने नाहीतच, बैठी चाळ आहे. पण आली.

फॉर्ममध्ये कारणं आधीच लिहिलेली: आवड नाही, भीती वाटते, घरचे सोडत नाहीत, मैदान लांब. यातलं एक निवडायचं. पहिलं घर मानसीचं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, ती इस्पितळात साफसफाईला जाते. मुलगी श्रुतिका, तेरा वर्षांची, पाय असे की हरणाला द्यावेत.

मी चारही कारणं वाचून दाखवली. मानसी म्हणाली, "आजी, यातलं एकपण नाय. सहाला पाणी येतं."

"मग?"

"मग काय? तासभर येतं. मी ड्युटीवर. पाणी कोण भरणार, तुमचे भाऊराव?"

दहातल्या सात घरी हेच! नळाला पाणी संध्याकाळी सहाला आणि मुलींची कबड्डीही सहाला. मुलगे त्या वेळी नाक्यावर, आणि मुली हंड्यापाशी. आणि आपण म्हणतो आवड नाही. मीसुद्धा वीस वर्षं त्याच चाळीत रांगेत उभी राहिले. बिल्डिंगीत आले, सातव्या मजल्यावर नळ सोडला की पाणी, आणि मेली सगळं विसरले.

फॉर्ममध्ये पाचवं कारण मी स्वतः घातलं: पाणी. चष्मा दोनदा पुसावा लागला, पण घातलं.

मी लिहीत होते तेवढ्यात चेतना गल्लीत श्रुतिकाला काहीतरी सांगत होती. "समोरच्यांच्या अंगणातली ती निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत फिरलीस तर चढाई फुकट, तूच बाद." हल्ली टीव्हीवर कबड्डी फार दाखवतात, त्याचा परिणाम.

८ जानेवारी, गुरुवार

भाऊरावांकडे गेले. म्हटलं, "मुलांना सहा द्या, मुलींना सव्वासात."

"वहिनी, चाळीस वर्षांची वेळ आहे ती."

"नळाची वेळ त्याच्याही आधीची आहे."

पाच मिनिटं त्यांनी कानात बोट घालून विचार केला आणि मान डोलावली. मुलांनी कुरकूर केली, पण त्यांना सहा काय नि सात काय.

एक पंचाईत अशी की पाणी कधी पावणेसातला जातं, कधी साडेसातला. त्याचा नेम नाही. मग युक्ती काढली. पाणी गेलं की श्रुतिका मला मिस्ड कॉल देणार आणि मी सगळ्या आयांच्या फोनवर आवाज पाठवणार. आज पहिला पाठवला: "पाणी गेलं, पोरींनो या!" तीनदा बोलले, कारण पहिल्यांदा बटणच दाबलं नव्हतं आणि दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी त्यात गेली.

चौदा पोरी आल्या. अक्षताने वर येऊन माझा गालगुच्चा घेतला. दुखतोय अजून.

१२ जानेवारी, सोमवार

आज बावीस! ओले केस पुसत पुसत येतात, परकराला पाण्याचे डाग. मैदानावर नुसता चिवचिवाट.

पण नोंदणी अजून नऊच. का? सांगते. नाव चढवलं की पालकांच्या फोनवर सहा आकडे येतात, ते आकडे आपल्याला सांगावे लागतात. आया सांगेनात. एक म्हणाली, "आजी, तुमचा राग नाय, पण फोनवरचा नंबर कुणालाच द्यायचा नाय, बँकवाले ओरडून ओरडून सांगतात." बरोबरच आहे. मी पण दिला नसता. मागे मला लॉटरी लागल्याचा फोन आला होता तेव्हा मी त्या मेल्याला असं काही ऐकवलं की त्यानेच ठेवला.

मिहिर सरांना फोन केला. ते म्हणाले, "आजी, विश्वास फोनवर होत नाही. त्यांना मैदानावर बोलवा, मुलींना खेळताना बघू दे. आकडे त्यांनाच टाकू दे, तुम्ही हातही लावू नका." हुशार मुलगा. लग्न झालंय का ते विचारायचं राहिलं.

रविवारी सगळ्या आयांना बोलवायचं ठरलं. कार्ड मी बनवणार म्हणून हट्ट धरला.

१६ जानेवारी, शुक्रवार

कार्ड झालं! फोनमध्ये गेल्या वर्षी अक्षताने चेतनासाठी केलेलं एक कार्ड होतं, मोर आणि फुलांची वेलबुट्टी. तेच घेतलं. मधली जुनी अक्षरं पुसून नवीन लिहिली: "मुलींच्या आयांनी यावे. कबड्डी पाहावी व नाव द्यावे. रविवारी चार वाजता, मंडळाचे मैदान." वरची आणि अगदी खालची मोठी सोनेरी अक्षरं काही केल्या पुसेनात, ती चित्रातच होती. राहू दिली. शोभा येते.

चाळीच्या ग्रुपवर टाकलं, आणि आमच्या गावच्या महिला मंडळाच्या मुंबईतल्या ग्रुपवरही. तिथे दीडशे बायका आहेत. दहाजणींनी लगेच नमस्काराचे हात पाठवले. अक्षता परीक्षेहून दमून आली होती, तिला दाखवलंच नाही. तिला थक्क करायचं होतं.

१८ जानेवारी, रविवार

अक्षता थक्क झाली.

चारला दहा मिनिटं कमी होती. मी आणि ती मैदानाच्या फाटकाशी, हातात मुंग्यांच्या चौकोनाचा कागद. आणि समोरून बायका आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, गजरे, नथी. भांडुपहून आल्या, घाटकोपरहून आल्या. एक तर विरारहून, तान्ही नात कडेवर घेऊन. पुढची म्हणाली, "काय गो जानकी, मैदानात ठेवलंस हळदीकुंकू? नवीन फॅशन?"

अक्षताने माझा फोन हिसकावला. "आजी! वर 'हळदीकुंकू समारंभ' तसंच आहे! आणि खाली 'वाण लुटण्यास अवश्य यावे'!"

"ते वेलबुट्टीत होतं गं, मला वाटलं कोण वाचतंय."

"आजी, बायका तेवढंच वाचतात!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कुंकू न लावता, वाण न देता कोण परत पाठवतं? सात पिढ्या नावं ठेवतील. साठेक बायका, आणि माझ्याकडे एक चौकोन.

अक्षताने घरी फोन केला, आणि चेतना पाच मिनिटांत कुंकवाचा करंडा आणि तिळगुळाचा डबा घेऊन खाली. मला वाटलं आता बोलेल. तर ती भाऊरावांना म्हणाली, "काका, विसर्जनाला स्वयंसेवकांसाठी शिट्ट्या आणल्या होत्या ना, त्या उरल्यात?"

"खोकंभर आहेत. का?"

"आणा."

आणि आमच्या घरचं यंदाचं वाण म्हणून प्रत्येकीला एक एक लाल शिट्टी! बायकांनी तिथेच वाजवून बघितल्या. साठ शिट्ट्या एकदम. आसपासच्या सगळ्या बिल्डिंगींच्या खिडक्या उघडल्या.

मी मागे पाण्याच्या पिंपाशी उभी होते. हे गेल्यापासून मी कुणाच्या हळदीकुंकवाला पुढे जात नाही. फाटकाबाहेर मानसी उभी होती, तीही आत येईना. चेतना करंडा घेऊन सरळ माझ्याकडे आली. मी मागे सरले.

"आई, पुढे या. हे मैदान आहे."

आणि लावलं. मग फाटकाबाहेर जाऊन मानसीला लावलं, हाताला धरून आत आणलं. एकदोघींनी एकमेकींकडे बघितलं. चेतनाने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी तिळगूळ खाल्ला.

पोरींचा खेळ सुरू झाला. श्रुतिका चढाईला गेली आणि तिघींना शिवून आली. मानसी एवढ्या मोठ्याने ओरडली की ती स्वतःच दचकली. तेवढ्यात विरारवाली म्हणाली, "शाळेत आम्हीपण खेळायचो गो." दुसरी म्हणाली, "आता काय, वाकलं की कंबर धरते."

"धरू दे," चेतना म्हणाली. पदर खोचला, निऱ्या मागे घेऊन काष्टा मारला. रेषेजवळ वाकून मैदानाची माती कपाळाला लावली आणि गेली की चढाईला! दम असा घुमत होता, कबड्डीकबड्डीकबड्डी, की मला वाटलं माशी आहे की मधमाशी. डावीकडची पाय ओढायला वाकली, ही तिच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे. चव्वेचाळीस वर्षांची बाई! दोघींना शिवून मध्यरेषेवर हात टेकून परत.

अक्षताचं तोंड उघडंच. "आई, तू?"

"रत्नागिरी जिल्ह्याकडून दोन वर्षं खेळले," चेतना म्हणाली. "पुढची कोण?"

मग काय. काळ्या साड्यांचे काष्टे, हलव्याचे दागिने पोरींच्या ओंजळीत. हलवा किती पोरींनी खाल्ला त्याचा हिशोब नाही. आणि खेळून दमलेल्या आया एकेक करून चौकोनापाशी आल्या, स्वतःच्या बोटाने सहा आकडे टाकले. मी हात लावला नाही. आधीच्या नऊ धरून सव्वीस मुली चढल्या. आणि लांबच्या सोडून जवळपासच्या चौदा बायकांनी स्वतःचीही नावं दिली.

१९ जानेवारी, सोमवार

झोप लागली नाही नीट. एक गोष्ट आठवली, ती लिहायची नव्हती, पण लिहिते.

चेतनाचं लग्न होऊन महिना झाला असेल. मंडळातून एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, तुमची सून चांगली खेळते असं कळलं, तिला पाठवा. मी काय म्हणाले? "आमच्याकडे सुना चड्डी घालून मैदानात जात नाहीत." चेतना आतून चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवला आणि परत गेली.

मी हे विसरले होते. ती विसरली नव्हती. एवढ्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

तिसऱ्या आणल्या, ताज्या शिंपल्या. चेतनाला आवडतं तसं सुकं केलं, ओलं खोबरं घालून. ताट वाढलं आणि म्हटलं, "चेतना, तेव्हा मी चुकले गं."

तिने शिंपल्यातून मांस काढून तोंडात टाकलं. मग म्हणाली, "आई, मीठ जास्त झालंय."

पण दोनदा घेतलं.

२४ जानेवारी, शनिवार

मंडळाची सभा. भाऊराव अडून बसले. "मुली सव्वीसच. तीस नाहीत. आया कसल्या खेळाडू?"

मी फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचला. "महिला खेळाडू. खाली वय लिहिलेलं नाही, भाऊराव."

"वहिनी, कार्डाला भुलून एक दिवस खेळल्या. उद्यापासून कोण येतंय? आठवडाभर रोज येऊन दाखवा, मग मोजतो."

अक्षता म्हणाली, "लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं. पोरगी माझी आहे.

उद्यापासून मुलींनंतर अर्धा तास बायकांचा. शिकवणार चेतना. रोजची हजेरी फोनवर मी घेणार.

२८ जानेवारी, बुधवार

चार दिवस झाले. अकरा, तेरा, बारा, पंधरा. भीती वाटते. आज एकीचं कोपर सोललं. मला वाटलं आता संपलं, नवरे ओरडणार. तर ती पट्टी बांधून चाळभर मिरवून आली. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो, पण खेळताना एकीनेही नाकाला पदर लावला नाही.

३१ जानेवारी, शनिवार

आज निकाल. सगळे मंडळाच्या ऑफिसात. भाऊरावांनी चष्मा लावला, माझा फोन हातात घेतला आणि एकेक नाव तपासायला लागले. म्हणाले, "वहिनी, मी स्वतः बघणार, उगाच भरताड चालणार नाही." मिहिर सरही आले होते, काम नसताना. अक्षतासाठी पाण्याची बाटली घेऊन आले. संघटनेतली माणसं किती काळजी घेतात!

भाऊराव वाचत होते. मानसी, सातही दिवस. ठीक. अमकी, सहा दिवस. ठीक. वाचता वाचता थांबले. फोन लांब धरला. जवळ धरला.

"वहिनी, ही सुनंदा कोण?"

"तुमच्या घरात किती सुनंदा आहेत?"

"माझी सुनंदा आठला भजनाला जाते!"

"जात असेल. हजेरीत सात दिवस आहे. उजव्या कोपऱ्याला खेळते, पकड बरी आहे."

दारात सुनंदाताई उभ्याच होत्या, गळ्यात लाल शिट्टी. त्यांनी ती तोंडात धरली. वाजवली नाही, नुसती धरली. भाऊरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि कागदावर सही केली. मुली सव्वीस, महिला सुनंदाताई धरून पंधरा, एकूण एक्केचाळीस. तास मुलींचा. वर अर्धा तास बायकांचा, तोही लेखी.

अक्षता रडली. मी नाही रडले, मला फोनवर नोंदणीचं शेवटचं बटण दाबायचं होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

घाईत लिहितेय. चेतना आणि अक्षता दोघी केव्हाच खाली गेल्या. पाणी आज लवकर गेलं, मेसेज टाकून झाला. गुण मांडायला मला बोलावलंय, चेतना म्हणाली, "आई, वेळेवर या, उशीर झाला तर बाकावर बसवीन."

हर्षदला सांगितलं, भात तू लाव. एवढा मोठा माणूस, हापिसात चौदा जणांवर साहेब, तांदळाचं भांडं हातात घेऊन मला विचारतो, "आई, पाणी किती घालू? थांब, चेतनाला फोन करतो."

म्हटलं, "खबरदार. ती चढाईवर आहे."